सगळ्यात शेवटचा कागद

दिसायला ती अगदी साधी आहे. ए-फोर आकाराची दोन पानं, फार तर तीन. वर महापालिकेचं बोधचिन्ह, मग जावक क्रमांक आणि दिनांक, मधे गावाचं नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, आर्किटेक्टचं नाव आणि त्याचा परवाना क्रमांक, शेवटी गोल शिक्का आणि एक सही. फ्लॅटच्या करारनाम्यासारखे तिच्यावर फोटो नसतात, अंगठे नसतात, मुद्रांक शुल्काचा रुबाब नसतो. सरकारी भाषेत तिचं नाव भोगवटा प्रमाणपत्र. वसई-विरारमध्ये तिला कोणी तसं म्हणत नाही. नालासोपाऱ्याच्या तुळींज रोडवर, वसईच्या एव्हरशाईनमध्ये, विरारच्या चहाच्या टपरीवर, सगळीकडे ती 'ओसी'. "बिल्डिंगला ओसी आहे का?" हा प्रश्न आमच्याकडे हळू आवाजात विचारला जातो, मुलाच्या लग्नासाठी स्थळ बघताना घरच्या आजाराची चौकशी करावी तसा.

ओसीच्या आधी इमारतीच्या आयुष्यात बरेच कागद येऊन गेलेले असतात. आधी बिनशेतीचा आदेश, जमिनीवर आता भात पिकणार नाही हे सांगणारा. मग सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. मग जोत्यापर्यंत काम आलं की जोत्याचा दाखला. हे सगळे कागद पुढे बघणारे आहेत. अमुक इतके मजले बांधा, तमुक इतकी मोकळी जागा सोडा, असं ते सांगतात आणि निघून जातात. बिल्डरला ते प्रिय असतात, कारण त्यांच्यावर फ्लॅट विकता येतात. ओसी मात्र मागे बघते. जे करू असं सांगितलं होतं ते केलं का, एवढाच तिचा प्रश्न असतो. म्हणून तिची वाट पाहणारे वेगळे आणि तिला टाळणारे वेगळे.

ती मागितल्याशिवाय येत नाही आणि रिकाम्या हाताने मागून मिळत नाही. काम संपलं की आर्किटेक्टने लिहून द्यायचं की इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाली. स्ट्रक्चरल इंजिनीअरने लिहून द्यायचं की ती मजबूत आहे. अग्निशमन विभागाचा अंतिम ना हरकत दाखला, लिफ्टचा परवाना, सांडपाण्याच्या जोडणीचा दाखला, पावसाचं पाणी जिरवण्याची सोय, विकास शुल्काच्या पावत्या आणि प्रत्यक्षात जे बांधलं त्याचे नकाशे. हे सगळं नगररचना विभागात पोचलं की मग माणूस येतो.

तो माणूस येतो तो दिवस मी आमच्या इमारतीत पाहिलेला आहे. कनिष्ठ अभियंता, हातात मंजूर नकाशाची घडी, सोबत टेप धरणारा एक मुलगा. फ्लॅटच्या आत ते फारसे रमले नाहीत. टाइल्स इटालियन आहेत की मोरबीच्या, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. कंपाउंडच्या भिंतीपासून इमारतीच्या कडेपर्यंत टेप धरला, चारही बाजूंनी. ही मोकळी जागा आपण बागेसाठी समजतो, पण आगीच्या बंबाला आत शिरता यावं म्हणून ती सोडायची असते. मग जिन्याची रुंदी मोजली. पार्किंगच्या खांबांमधलं अंतर मोजलं. गच्चीवर जाऊन टाकी बघितली. पंप चालू करायला लावला आणि आगीसाठीच्या पाइपातून पाणी येतं का ते उभं राहून पाहिलं. जिथे पाणी जिरवण्याचा खड्डा नकाशात होता तिथे वॉचमनने झाकण उघडून दाखवलं. नकाशावर पेन्सिलीने बारीक खुणा होत होत्या. वर्षानुवर्षं आम्ही त्या इमारतीला फ्लॅटच्या आतून ओळखत होतो. ती बाहेरून, पायथ्यापासून, कोणीतरी पहिल्यांदाच बघत होतं.

ओसीचा स्वभाव कडक म्हणून बदनाम आहे, पण मला ती तशी वाटत नाही. बारीकसारीक गोष्टींवर ती अडत नाही. आतली एखादी भिंत सरकली, स्वयंपाकघराचं दार दुसऱ्या बाजूला गेलं, तर सुधारित नकाशा जोडून, शुल्क भरून काम होतं. ती अडते ते आमच्याकडे सर्रास घडणाऱ्या गोष्टींवर. खाली स्टिल्टमध्ये गाड्यांसाठी ठेवलेली जागा विटा रचून बंद करायची आणि तिचे गाळे काढून विकायचे. चार मजल्यांची परवानगी घ्यायची आणि पाचवा चढवायचा. बाजूची मोकळी जागा शेजारच्या प्लॉटच्या इमारतीलाही दाखवायची. असं काही झालं की ओसी येत नाही, कितीही बोलवा. आणि मग बिल्डर दुसऱ्या प्रकल्पाकडे निघून जातो, गाळेवाले दुकान थाटून बसतात, आणि वरच्या मजल्यांवर ज्यांनी काहीच मोडलं नाही अशी कुटुंबं राहतात. शिक्षा त्यांना. हे मला आजही अन्यायाचं वाटतं आणि त्यावर कायद्याने अजून पुरेसा उपाय शोधलेला नाही.

ती आमच्याकडे इतकी दुर्मीळ का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. 1980 च्या दशकात मुंबईत घर न परवडणारा माणूस पश्चिम रेल्वेने वसईची खाडी ओलांडून इकडे येऊ लागला. केळीच्या बागा, फुलांचे मळे आणि भातशेती यांचा हा पट्टा. तो वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला. 1990 मध्ये या भागासाठी सिडको विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून आलं. तेव्हापासून परवानगी देणारा एक आणि गावचा कारभार बघणारा दुसरा, अशी स्थिती झाली. नगरपरिषदा होत्या, ग्रामपंचायती होत्या, आणि अनेक ठिकाणी घराच्या परवानगीवर इमारती उभ्या राहत होत्या. 3 जुलै 2009 रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या 4 नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. 2010 मध्ये नियोजनाचे अधिकार तिच्याकडे आले. 2014 मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. इतक्या वेळा दप्तर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेलं, आणि या सगळ्या काळात इमारती मात्र थांबल्या नाहीत. म्हणून आमच्याकडच्या जुन्या ओसीवर सिडकोचा क्रमांक असतो आणि जिल्हा ठाणे लिहिलेला असतो. नव्या ओसीवर महापालिकेचा क्रमांक आणि जिल्हा पालघर. कागद बघणाऱ्या जाणत्या माणसाला त्या एका ओळीवरून इमारतीचं वय कळतं.

घर बघायला आलेला माणूस एजंटला विचारतो, "ओसी?"

"फाईल टाकलीय. होऊन जाईल."

"किती दिवसांत?"

"सीसी आहे ना साहेब. लोन होतंय. घरपट्टी चालू आहे. लाइटबिल नावावर होईल. अजून काय पाहिजे?"

हे संभाषण स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर रोज कुठे ना कुठे चालू असतं. त्यातलं "अजून काय पाहिजे" फार घातक आहे. कारण बाकी सगळं असून ओसी नाही, अशी इमारत खरोखरच पूर्ण दिसते. लोकांनी वास्तुशांत केलेली असते, खिडक्यांना ग्रिल बसलेली असतात, नामफलक लागलेला असतो, सोसायटी रजिस्टर झालेली असते. घरपट्टीची पावती दाखवून लोक म्हणतात, महापालिका टॅक्स घेते म्हणजे बिल्डिंग कायदेशीर. पण कर हा वापरावर लागतो. बेकायदा बांधकामालाही तो लागतो, आणि महापालिका अधिनियमाच्या कलम 267-अ खाली वर शास्तीही लागू शकते. ती पावती म्हणजे मान्यता नव्हे. लाइटचं मीटरही मान्यता नव्हे. करारनाम्याची नोंदणी झाली, इंडेक्स टू हातात आला, याचा अर्थ दोन माणसांमधला व्यवहार सरकारदरबारी नोंदला गेला, एवढाच. इमारतीबद्दल या कागदांपैकी एकही काही बोलत नाही. तिच्याबद्दल बोलणारी एकटी ओसी.

महाराष्ट्रात 1963 पासून मालकी सदनिका कायदा आहे, ज्याला सगळे मोफा म्हणतात. त्यात एक तरतूद आहे जी मी ज्याला ज्याला सांगितली तो चमकला. जिथे असा दाखला लागतो तिथे तो मिळेपर्यंत बिल्डरने ताबा द्यायचा नाही, हे तर आहेच. पण त्याच वाक्यात पुढे आहे की कोणी ताबा घ्यायचाही नाही. म्हणजे साठ वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनी घर घेणाऱ्यालाही या जबाबदारीत सामील केलं होतं. प्रत्यक्षात काय होतं? भाडं आणि हप्ता दोन्ही भरून माणूस थकलेला असतो. जूनमध्ये मुलांची शाळा सुरू होणार असते. बिल्डर म्हणतो चावी घ्या, फर्निचरचं काम सुरू करा, कागद मागून येतील. चावी घेतली जाते. त्या दिवसापासून बिल्डरची घाई संपते. पैसे आलेले आहेत, लोक राहायला आलेले आहेत, आता नगररचना विभागाच्या चकरा कोणासाठी मारायच्या? ओसीला उशीर होण्याची कारणं अनेक असतात, पण माझ्या पाहण्यात सगळ्यात मोठं हेच.

तिच्याशिवाय राहणं म्हणजे काय, हे आमच्याकडे पाण्यावरून कळतं. अधिकृत नळजोडणी मिळण्यात अडचण, मग टँकर. उन्हाळ्यात पहाटे टँकर लागला की टाकी भरण्याचा आवाज सगळ्या बिल्डिंगला ऐकू येतो आणि महिनाअखेरीला मेंटेनन्सच्या बिलात दिसतो. घर विकायला काढलं तर बँका मागे सरतात. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इमारतीचा पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासल्याशिवाय बँकांनी तिच्यावर कर्ज देऊ नये, आणि वीज-पाण्याच्या जोडण्याही दाखला आल्यावरच द्याव्यात. नियम चांगला आहे. पण आधीच राहत असलेल्या लाखो लोकांचं काय, हा प्रश्न वसईत बसून तो निकाल वाचताना मनात येतोच.

अशा लोकांना बळ देणारा एक निकाल त्याआधी आला होता. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या लोकांना 1997 मध्ये ताबा मिळाला आणि ओसी मिळालीच नाही. दाखला नाही म्हणून मालमत्ता कर 25 टक्के जादा, पाणीपट्टी 50 टक्के जादा, आणि हे वर्षानुवर्षं. बिल्डरचं म्हणणं, तक्रारीची मुदत संपली. 11 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ओसी न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती दिली जात नाही तोवर चूक चालूच राहते. म्हणजे मुदत संपत नाही. जुन्या इमारतींच्या सोसायट्यांनी हा निकाल फाईलमध्ये लावून ठेवावा. ग्राहक आयोगात जाताना तो लागतो.

इतका मान असलेल्या कागदाची नक्कल होणार, हे ओघानेच आलं. 2023 मध्ये विरार पोलिसांनी एक टोळी पकडली, तेव्हा पन्नासहून अधिक इमारतींच्या बनावट परवानग्यांचं प्रकरण बाहेर आलं. सिडकोचे, महापालिकेचे खोटे शिक्के, खोटी लेटरहेड. ज्यांनी घरं घेतली त्यांनी कागद बघितले नव्हते असं नाही. बघितले होते. कागदच खोटे होते.

आणि अग्रवाल नगरी. नालासोपारा पूर्वेला सुमारे 60 एकर जमीन, विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचरा डेपोसाठी आरक्षित. तिथे 41 इमारती उभ्या राहिल्या. 8 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही, आणि फेब्रुवारी 2025 पर्यंत सगळ्या इमारती जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं. बहुतेक जण नोकरदार, रिक्षावाले, छोटे दुकानदार. त्यांच्याकडे करार होते, पावत्या होत्या, मीटर होते. त्या इमारतींना ओसी येणं शक्यच नव्हतं आणि हे एका प्रश्नावर कळलं असतं, पण तो प्रश्न विचारायचा असतो हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

त्याच वर्षी, 26 ऑगस्ट उलटून गणेश चतुर्थीचा दिवस लागत होता त्या मध्यरात्री, विरार पूर्वेला विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. 17 माणसं गेली. एका घरात त्या संध्याकाळी बाळाचा पहिला वाढदिवस झाला होता. इमारत जेमतेम तेरा वर्षांची आणि अनधिकृत. ओसी असती तर ती पडली नसती असं मी म्हणणार नाही. कागदाने सिमेंटची प्रत सुधारत नाही. पण ओसीच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही लागते, जोत्याची तपासणी लागते, कोणाचं तरी नाव त्या खांबांशी बांधलं जातं. अनधिकृत इमारतीत हे कोणीच केलेलं नसतं.

म्हणून घर घेताना झेरॉक्सवर थांबू नये. जावक क्रमांक आणि तारीख टिपून घ्यावी आणि माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, महापालिकेकडून त्या क्रमांकाची साक्षांकित प्रत आणि सोबतचा नकाशा मागावा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. इमारत 2017 नंतरची असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर ओसी आणि आर्किटेक्टचा काम पूर्ण झाल्याचा दाखला बिल्डरने चढवलेला असतो. दोन्हीकडचे नंबर ताडून बघावेत. फाईल टाकलीय म्हणणाऱ्याकडे फाईलचा आवक क्रमांक मागावा. आणि एक बघावं, जे लोक बघत नाहीत: ओसी पूर्ण इमारतीची आहे की अंशतः. ए विंगची ओसी दाखवून बी विंगमधला फ्लॅट विकलेला मी पाहिला आहे.

ओसी आली की बऱ्याच घड्याळांना एकदम चावी बसते. रेरा कायद्याप्रमाणे घर घेणाऱ्याने दोन महिन्यांत ताबा घ्यायचा. बिल्डरने तीन महिन्यांत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची, म्हणजे अभिहस्तांतरण. ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. खरेदीदारांच्या पैशातले 70 टक्के ज्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, त्या खात्याचंही काम संपतं. महापालिकेच्या ओसीच्या अटींमध्ये एक अट असते: आवारातल्या सोयींची देखभाल सोसायटी होईपर्यंत बिल्डरने करायची, मग सोसायटीने. जबाबदारी कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, हे तारखेसकट लिहून ठेवणारं दुसरं काही इमारतीच्या आयुष्यात मला आढळलेलं नाही. बिल्डरलाही खरं तर तीच मोकळं करते. हे ज्या बिल्डरांना कळतं ते शेवटच्या स्लॅबनंतर लगेच तिच्या मागे लागतात, आणि असे बिल्डर वसई-विरारमध्ये आहेत.

आमची ओसी आली त्या वेळी आमच्या कमिटीने बिल्डरच्या ऑफिसात बसून एकेक वस्तू सही करून ताब्यात घेतली. मंजूर नकाशांचा पूर्ण संच, खांब आणि बीमची आरसीसी ड्रॉइंग्ज, लिफ्टचा परवाना, पंपाची वॉरंटी, पाण्याच्या मीटरचे कागद, गच्चीच्या आणि मीटररूमच्या चाव्या. आरसीसी ड्रॉइंग्ज द्यायला तो कुरकुरत होता. ती घेतल्याशिवाय आम्ही उठलो नाही, कारण पुढे कधी कोणी खांबाला हात लावायचा म्हटलं तर तीच बघावी लागणार. अभिहस्तांतरण त्याने मुदतीत केलं नाही. मग मोफाच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज केला. तिथे पहिल्याच सुनावणीत ओसी मागितली गेली, आम्ही ती पुढे केली, आणि पुढच्या कागदांकडे वळता आलं. सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव लागलं तेव्हा त्या जमिनीवरचा बिल्डरचा शेवटचा हक्क संपला.

आता आमच्या भागात सिडकोच्या काळातल्या इमारती तीस वर्षांच्या होऊ लागल्या आहेत. पुनर्विकासाच्या सभा सुरू झाल्यात. नवा विकासक येतो, प्रेझेंटेशन दाखवतो, किती जास्त चटई क्षेत्र देणार ते सांगतो. त्याचा आर्किटेक्ट मात्र मागे बसून सेक्रेटरीकडे पहिल्यांदा ओसी आणि तिच्यासोबतचा नकाशा मागतो, कारण तुमचं अधिकृत क्षेत्र किती होतं हे त्यावरूनच ठरतं आणि नवं गणित तिथूनच मांडावं लागतं. ज्या सोसायट्यांकडे ती आहे त्या कपाटातून फाईल काढतात. ज्यांच्याकडे नाही त्यांच्या सभेत गलका होतो, जुन्या बिल्डरचा पत्ता शोधायला सुरुवात होते, आणि कोणीतरी नगररचना विभागात जाऊन विचारतं की 1994 सालच्या इमारतीची ओसी आता मिळेल का. मिळू शकते. जुना आर्किटेक्ट हयात नसेल तर नवा नेमून, आहे त्या इमारतीची मोजणी करून, नकाशा काढून, शुल्क आणि दंड भरून सोसायटी स्वतः अर्ज करू शकते. त्यासाठी आधी स्टिल्टमधले गाळे मोकळे करावे लागतात.